लाजलो नाहीये हो मी!

गालांवर कायमची लाली, तिच्यावर तपकिरी झाक आणि बोटांना लागणारे बारीक बारीक दाणे. पिंपल्स म्हणावेत तर पिंपल्स नाहीत, अ‍ॅलर्जी म्हणावी तर खाज नाही. मग हे आहे तरी काय? आणि त्याहून महत्त्वाचा सवाल : तुम्ही त्याच्यावर रोज रात्री नेमकं काय चोळताय?

ऑफिसच्या ग्रुप फोटोत कधीतरी असा एखादा चेहरा दिसतो. बाकी सगळे सावलीत निवांत उभे, आणि हा मात्र आत्ताच उन्हातून धावत आल्यासारखा. दोन्ही गाल लाल. नुसते लाल असते तर ‘काय गुलाबी गाल आहेत’ म्हणून कौतुक तरी झालं असतं. पण हा लाल जरा वेगळा, विटकरीकडे झुकणारा. कानाच्या अगदी पुढ्यात सुरू होतो, गालावर पसरतो, जबड्याखाली उतरतो आणि मानेच्या बाजूला सावळा होत होत विरून जातो. दोन्ही बाजूंना साधारण सारखाच, जणू कुणी आरसा धरून रंगवलाय.

मग कॉमेंट्स सुरू होतात. ‘काय रे, लाजलास काय?’ ‘काल जास्त झाली वाटतं!’ मुलगी असेल तर ‘ब्लशर जरा जास्त लागलंय गं.’ आणि घरी कुणी मावशी-आत्या आल्या की हमखास, ‘याचं लिव्हर तपासून घ्या एकदा.’

माझ्या एका मित्राला ही सगळी वाक्यं तोंडपाठ आहेत. वय २७, नोकरी हिंजवडीत, राहायला कोथरूडला आई-बाबांकडे. ‘सगळं लिही, फक्त नाव छापू नकोस,’ एवढीच त्याची अट. त्याच्या गालांना जे झालंय ते तसं दुर्मिळ आहे. पण त्यावर त्यानं जे जे केलं ते अजिबात दुर्मिळ नाही. तुमच्यापैकी कित्येक जण आज रात्री तेच करणार आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

सब्जा, लिंबू आणि काय काय

सुरुवात अकरावीत झाली. दाढी-मिशा फुटायच्या वयात गालही रंगायला लागले. आईचं निदान तयार होतं, ‘उष्णता वाढलीय तुझी. जागरणं बंद कर.’ मग दुधातून सब्जा, सकाळी धने-जिऱ्याचं पाणी, रात्री गुलकंद. गाल काही थंड होईनात. (गुलकंद मात्र त्याला अजून आवडतो.)

कॉलेजात गेल्यावर मित्रांनी सूत्रं हातात घेतली. मुलतानी माती झाली, हळद-बेसन झालं. दाणे खरवडून काढायला स्क्रब झाला, त्यानं गाल आणखी लाल झाले. एकानं लिंबू चोळायला सांगितलं. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात जाणं म्हणजे आगीत तेल. त्यातल्या काही रसायनांवर ऊन पडलं की त्वचा अक्षरशः भाजते आणि मागे काळे डाग उरतात. त्याला ते उरले. मग सलूनमध्ये ‘डी-टॅन’, मग ब्लीच. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी गाल परत हजर.

डॉक्टरकडे का नाही गेलास, या प्रश्नाला त्याचं उत्तर सरळ होतं. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. नुसत्या लाल गालांसाठी कोण रजा टाकतं? या आजाराच्या ‘दुर्मिळ’पणामागे हेही एक कारण असावं, असं मला राहून राहून वाटतं. त्रास नाही म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही, आणि दवाखान्यात गेला नाही की त्याची नोंदच होत नाही.

तीन दिवसांची जादू

नोकरी लागली, पहिला पगार झाला आणि घराजवळच्या मेडिकलमध्ये तो उभा राहिला. संवाद अगदी छोटा.

‘काका, गाल लाल होतात. काहीतरी द्या ना.’

‘ही घे. रात्री लावून झोप. चार दिवसांत बघ.’

चिठ्ठी नाही, प्रश्न नाही. ट्यूबची किंमत ऑफिसच्या कँटीनमधल्या जेवणापेक्षा कमी. आणि काकांनी चार दिवस सांगितले होते, फरक तीन दिवसांतच पडला! लाली गायब, दाणे मऊ, रंगही एक शेड उजळ. आईसुद्धा म्हणाली, ‘बघ, सुटली का नाही उष्णता!’

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. जिममधलं नव्हे हं. हे त्वचेवर लावायचं स्टेरॉइड. इसब, सोरायसिससारख्या आजारांत योग्य जागी, योग्य दिवस वापरलं तर फार उपयोगी औषध. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून लाली जाते. दाह कमी करतं, म्हणून दाणे बसतात. त्वचेचा रंगही फिका करतं. म्हणजे आपल्या मित्राला हवं होतं ते सगळं एकाच ट्यूबमध्ये.

बिल नंतर येतं. रोज रोज लावलं की त्वचा पातळ होत जाते. आवळून धरलेल्या रक्तवाहिन्या औषध थांबलं की दुप्पट जोमानं उघडतात आणि हळूहळू उघड्याच राहतात. गालावर लाल कोळिष्टकं दिसायला लागतात. पिंपल्स फुटतात. मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते. आणि ट्यूब एक दिवस जरी चुकली तरी चेहरा तापल्या तव्यासारखा होतो, की हात आपोआप पुन्हा ट्यूबकडे! व्यसनाचं जे चक्र असतं तेच हे, फक्त बाटलीऐवजी ट्यूब.

त्यात चेहऱ्याची त्वचा नाजूक. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी, फेल्डमन आणि मायबाख यांनी, हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून किती शोषलं जातं ते मोजलं होतं. हाताच्या तुलनेत कपाळावर ते सुमारे ६ पट शोषलं गेलं, आणि जबड्याच्या कोपऱ्याशी तब्बल १३ पट! आपल्या मित्राची लाली कुठे होती? बरोबर तिथेच.

तो एकटा नाही. २०११ मध्ये भारतातल्या १२ त्वचारोग केंद्रांनी मिळून केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले, त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यांच्यापैकी जवळपास ५९ टक्के लोकांना ते सुचवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हतीच. मेडिकलवाला, पार्लरवाली, मैत्रीण, शेजारीण, कुणीही. १२६ जण तर ते चक्क फेअरनेस क्रीम किंवा आफ्टरशेव्ह म्हणून वापरत होते. आणि दुष्परिणाम किती जणांना? ९० टक्क्यांहून जास्त. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या चेहऱ्याला नावच देऊन टाकलंय, ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’. असे चेहरे इतके दिसायला लागले, की त्याला वेगळं नाव द्यावं लागलं.

मित्राच्या बाबतीत कळस झाला तो कांदेपोह्यांच्या मोसमात. मुली बघणं सुरू झालं आणि चेहरा ‘फ्रेश’ दिसावा म्हणून रात्रीची ट्यूब सकाळीही लागू लागली. बायोडेटातल्या फोटोचा प्रश्नच नव्हता, गाल कसे गुळगुळीत करायचे ते स्टुडिओवाल्याला माहीत असतं. पण समोरासमोर बसल्यावर फिल्टर कुठून आणणार? एका ठिकाणी मुलीच्या काकूंनी पोह्यांची बशी पुढे करता करता विचारलंच, ‘काही अ‍ॅलर्जी वगैरे आहे का हो यांना?’ तिथून नकार आला. कारण अर्थातच ‘पत्रिका जुळत नाही’ असं कळवलं गेलं. त्या रात्री त्यानं चिडून ट्यूब कचऱ्यात टाकली. आठवड्याभरात चेहरा असा काही भडकला, की घरून काम करायची परवानगी मागावी लागली. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद.

मग एकदाचा तो त्वचारोगतज्ज्ञाकडे गेला. अडीच वर्षं ट्यूब लावल्यानंतर.

‘बाही वर कर बघू’

डॉक्टर बाईंनी चेहरा पाहिला, मान पाहिली, कानामागे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘बाही वर कर बघू.’

‘मॅडम, प्रॉब्लेम चेहऱ्याला आहे.’

‘दिसतंय मला. बाही वर कर.’

दंडाच्या मागच्या बाजूला खडबडीत दाणे. कायम काटा आल्यासारखे. ते त्याला लहानपणापासून होते, त्यानं कधी लक्षच दिलं नव्हतं. याला केराटोसिस पिलारिस म्हणतात. फार कॉमन प्रकार आहे. केसाच्या मुळाशी केराटिन साचतं, छोटं बूच बसतं आणि दाणा तयार होतो. तुमच्या ओळखीत चार जणांना तरी असेल.

मग त्यांनी काचेची एक साधी पट्टी घेतली, प्रयोगशाळेत वापरतात तसली, आणि गालावर दाबली. काचेखालून रक्त बाजूला सरलं आणि लाली पुसल्यासारखी गेली. पण गाल कोरा झाला नाही. खाली उरले फिकट तपकिरी रंगाचे बारीक ठिपके, प्रत्येक केसाच्या छिद्रापाशी एकेक. काच उचलली, लाली परत. त्यांनी त्यालाच मोबाइलवर फोटो काढून दाखवला. इतकी वर्षं तो ज्याला एक डाग समजत होता त्याचे दोन थर होते, वर लाल आणि खाली तपकिरी. दहा वर्षांच्या सब्जा-लिंबू-ब्लीचमध्ये जे कुणाला दिसलं नाही ते काचेच्या तुकड्यानं दाखवलं!

एवढ्यावर न थांबता त्यांनी जुने फोटो मागवले. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, बारावीच्या निरोप समारंभातला. ट्यूब सुरू होण्याच्याही आधी गाल तसेच होते. म्हणजे मूळ दुखणं वेगळं, आणि त्याच्या वर चढलेलं स्टेरॉइडचं दुखणं वेगळं.

नाव मोठं, लक्षण छोटं

मूळ दुखण्याचं नाव ऐकून तो घाबरलाच. तुम्हीही श्वास घ्या आणि वाचा. एरिथ्रोमेलॅनोसिस फॉलिक्युलॅरिस फॅसिएइ एट कोली! हॅरी पॉटरचा मंत्र वाटतो ना? फोड केली की एकदम सोपं आहे. एरिथ्रो म्हणजे लाल, मेलॅनोसिस म्हणजे काळपटपणा, फॉलिक्युलॅरिस म्हणजे केसांच्या मुळांशी असलेलं, फॅसिएइ म्हणजे चेहऱ्याचं, एट कोली म्हणजे ‘आणि मानेचं’. डॉक्टर मंडळींनी आजाराचं वर्णन केलं आणि तेच नाव म्हणून ठेवून दिलं.

१९६० मध्ये किटामुरा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी याची पहिल्यांदा नोंद केली. गंमत म्हणजे जपानी डॉक्टरांचा तो लेख छापून आला एका जर्मन नियतकालिकात. तेव्हा नावात फक्त चेहरा होता, मान त्यात आली ती १९६६ मध्ये. सुरुवातीला वाटलं, हे जपानी तरुण पुरुषांनाच होतं. नंतर इतर देशांतून नोंदी आल्या, बायकांमध्येही सापडलं, आपल्या भारतातूनही रुग्ण नोंदवले गेले. बहुधा किशोरवयात किंवा विशीत सुरू होतं. काही घरांत एकाहून जास्त जणांना आढळलंय, त्यामुळे त्यात आनुवंशिकतेचा हात असावा अशी शंका आहे. पक्कं कारण मात्र सापडलेलं नाही.

त्वचेच्या आत तीन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. वरवरच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, ती लाली. त्वचेच्या थरात रंगद्रव्य जास्त असतं, ती तपकिरी झाक. आणि केसांची छिद्रं केराटिननं बुजलेली असतात, ते दाणे. त्या भागातली बारीक लव विरळ होते, पण दाढीच्या केसांना काही होत नाही. ऊन लागलं, चिडचिड झाली, व्यायाम झाला, की लाली आणखी खुलते. म्हणजे बॉसनं झापलं की गाल चुगली करणार!

आता काय नाही तेही सांगते. हे संसर्गजन्य नाही, त्याचा टॉवेल वापरून तुम्हाला होणार नाही. कॅन्सर नाही आणि पुढे कॅन्सर होतो असंही नाही. लिव्हरचा संबंध नाही. अस्वच्छतेचा नाही. दारूचा तर नाहीच, आपला मित्र आयुष्यात ताकापलीकडे गेलेला नाही.

चेहरे सारखे, गोष्टी वेगळ्या

गाल लाल-काळे करणारा हा एकच प्रकार नाही, आणि घोळ तिथेच होतो. रोझेशियात लाली असते, पण ती नाकावर आणि चेहऱ्याच्या मध्यभागी जास्त. शिवाय त्यात पुवाचे फोड येऊ शकतात. वांग तपकिरी असतात, पण त्यात दाणे नसतात. फ्रान्सच्या सिव्हाट यांनी १९२३ मध्ये वर्णन केलेला एक प्रकार गळ्याच्या दोन्ही बाजूंना लालसर तपकिरी जाळी पाडतो, पण हनुवटीच्या सावलीतला भाग बरोब्बर सोडून. उन्हाचा हिशेब किती चोख असतो बघा. तो साधारण मध्यमवयात दिसतो. आणि एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी नक्की वगळायला हवी, ती म्हणजे ल्युपस. दोन्ही गाल आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली, सोबत सांधेदुखी, ताप, केस गळणं, थकवा असं काही असेल तर ‘नुसते गाल तर लाल आहेत’ म्हणून अंगावर काढू नका. तिथे रक्ततपासणी लागते.

यातला सगळ्यात आपल्या घरातला प्रकार सांगायलाच हवा. १९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, व्हिएन्नाच्या गुस्ताव्ह रील यांना अचानक राखाडी-तपकिरी पडलेले चेहरे दिसायला लागले. त्यांना वाटलं, युद्धकाळातल्या निकृष्ट खाण्यामुळे असेल. पुढे अनेक वर्षांनी उलगडत गेलं, की अशा बऱ्याच चेहऱ्यांमागे अ‍ॅलर्जी असते, सौंदर्यप्रसाधनांतल्या सुगंधांची आणि रंगांची. जपानमध्ये अशा रुग्णांची लाटच आली होती. १९७० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी दोषी रसायनं हुडकून काढली, कंपन्यांनी ती वापरणं सोडलं आणि रुग्ण झपाट्यानं कमी झाले. त्या दोषी रंगांपैकी काही आपल्याकडे कुठे सापडले असतील? कुंकवात! हळदीपासून केलेलं जुनं कुंकू वेगळं आणि रासायनिक रंग घातलेलं बाजारातलं लालभडक कुंकू वेगळं. कपाळावर नेमक्या कुंकवाच्या जागी काळा डाग पडलेल्या आज्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. त्याचा दोष आपण वयाला देत आलो. हेअर डायचंही तसंच. म्हणून चेहरा काळवंडत असेल तर डॉक्टर पाठीवर पट्ट्या चिकटवून ‘पॅच टेस्ट’ करतात. अ‍ॅलर्जी कशाची ते कळलं, की अर्धं काम झालं.

मग जाणार कधी?

हा प्रश्न मित्रानंही विचारला. उत्तर मनासारखं नव्हतं : पूर्ण जाईल असं सांगता येत नाही. या प्रकाराला मुळापासून घालवणारं औषध नाही. पण बरंच कमी करता येतं, आणि तीन थरांवर तीन वेगळे उपाय असतात.

दाण्यांसाठी युरिया, सॅलिसिलिक किंवा लॅक्टिक अ‍ॅसिड असलेली क्रीम्स, नाहीतर ट्रेटिनॉइनच्या जातीची औषधं. (मुलींनो, गरोदर असाल किंवा तसा विचार चालू असेल तर ट्रेटिनॉइनबद्दल आधी डॉक्टरांना सांगा.) तपकिरी रंगासाठी अझेलिक अ‍ॅसिड किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठराविक काळापुरतं हायड्रोक्विनोन. लालीसाठी रक्तवाहिन्यांवर काम करणारे लेझर, त्यात ‘पल्स्ड डाय लेझर’नं काही रुग्णांना बराच फायदा झाल्याची नोंद आहे. पण गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर लेझर जपून वापरावा लागतो. सेटिंग चुकलं तर लाली जाईल आणि काळा डाग येईल, म्हणजे आगीतून फुफाट्यात. कूपनवर पन्नास टक्के सूट बघून करायची ही गोष्ट नाही. आणि हे सगळं सोडलं की दाणे नि रंग पुन्हा डोकं वर काढू शकतात, याची तयारी ठेवायची.

सनस्क्रीन मात्र रोज. एसपीएफ ३० किंवा जास्त, कान आणि मानेसकट, तेही भरपूर. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर एकेक पूर्ण रेघ काढा, तेवढं लागतं. आपण लावतो त्याच्या पाव! शक्य असेल तर हलका त्वचेचा रंग असलेलं घ्या. त्यातल्या आयर्न ऑक्साइडमुळे साध्या उजेडाचाही थोडा अटकाव होतो आणि लाली झाकली जाते. मुलांनो, लाजू नका, याला मेकअप म्हणत नाहीत.

मित्राच्या उपचारातला सगळ्यात अवघड भाग यापैकी कुठलाच नव्हता. अवघड होतं स्टेरॉइड सोडणं. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं, काही जणांना हळूहळू कमी करत, गरज पडली तर टॅक्रोलिमससारखं बिनस्टेरॉइडचं औषध देऊन सोडवतात. सुरुवातीचे आठवडे चेहरा जास्तच वाईट दिसतो. ‘त्या दीड महिन्यात मला आरसा नको झाला होता,’ तो म्हणाला. आईनं दोनदा विचारलं, ‘जुनी ट्यूबच बरी होती का रे?’ आज सात महिने झालेत. कोळिष्टकं फिकट झालीत, पिंपल्स थांबलेत, दाणे हाताला कमी लागतात. मूळ लाली आहे. उन्हातून आला की अजूनही खुलते. मध्यंतरी ऑफिसात कुणीतरी ‘लाजलास काय?’ विचारलं, तर यानं पूर्ण लॅटिन नाव म्हणून दाखवलं म्हणे. समोरचा गप्प! बायोडेटात फोटो अजून जुनाच आहे, त्यावरून घरात वाद चालू आहेत.

ट्यूब उलटी करून बघा

आता तुमच्या बाथरूमच्या कपाटाकडे वळू. ‘माझं क्रीम साधं आहे’ म्हणणाऱ्यांनी ट्यूब हातात घ्या आणि पुढचं मोठं नाव सोडून बारीक अक्षरांतला मजकूर वाचा. बेटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. यातलं एक जरी नाव दिसलं तरी ते स्टेरॉइड आहे. गजकर्णाच्या ‘ऑल इन वन’ मलमांत ते असतं. डागांवरच्या तीन औषधं एकत्र केलेल्या क्रीममध्येही असतं, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला गुपचूप बसलेलं.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड्स ‘शेड्यूल एच’मध्ये आणली. त्याआधी त्वचेवरच्या मलमांना त्या नियमात पळवाट होती. शेड्यूल एच याचा अर्थ, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही. अशा औषधांच्या वेष्टनावर चिठ्ठीची सूचना आणि लाल खूण असते. नियम झाला, पण काउंटरवर काय चालतं ते तुम्हा-आम्हाला माहीत आहे. ‘काका, तीच द्या’ म्हटलं की ‘तीच’ मिळते. मेडिकलवाल्या काकांनाच सगळा दोष देऊन मोकळं होता येणार नाही. २०११ च्या त्याच पाहणीत डॉक्टरांनी दिलेल्या १७६ चिठ्ठ्यांपैकी १४६ वर लोकांनी आपल्या मनानं पुन्हा पुन्हा ट्यूब आणली होती. म्हणजे डॉक्टरांनी दोन आठवडे लिहिले आणि आपण दोन वर्षं चालवली.

तुमच्या ट्यूबवर यातलं नाव सापडलंच आणि ती बरेच दिवस चालू असेल, तर आपल्या मित्रासारखी एका रात्रीत कचऱ्यात टाकू नका. ती घेऊन डॉक्टरकडे जा.

जाताना काय न्यायचं?

डॉक्टर निवडताना पाटीवर ‘स्किन अँड हेअर’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, त्वचारोगातली एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्ही ही पदवी बघा. खिसा हलका असेल तर सरकारी नि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. पुण्यात ससून, मुंबईत जेजे, केईएम, सायन, नायर. रांग मोठी असते, पण अशा ओपीडीत डॉक्टरांच्या नजरेखालून हरतऱ्हेचे चेहरे गेलेले असतात.

घरात असतील नसतील त्या सगळ्या ट्यूबा एका पिशवीत भरा, संपलेल्यासुद्धा. पार्लरमध्ये काय काय केलं ते आठवून ठेवा. त्रास सुरू होण्याआधीचे दोन-तीन फोटो मोबाइलमध्ये घ्या, फिल्टर न लावलेले. सैल बाहीचा शर्ट किंवा कुर्ता घाला, दंड दाखवावा लागेल. आणि हो, त्या दिवशी फाउंडेशन लावून जाऊ नका. काचेखाली डॉक्टरांना तुमचे गाल बघायचे असतात.